इंग्रजी धावते तिथे मराठी चालते

काल एका कथेचा अनुवाद करत होते. एकाच पानावर ‘रन’ हे क्रियापद पाच वेळा आलं आणि पाचही वेळा मला वेगळा शब्द लिहावा लागला. काजळ ओघळलं, विहीर आटली, कापडाचा रंग उतरला, आजोबांच्या अंगात ताप होता आणि तापटपणा तर त्या घराण्याच्या रक्तातच होता. पानभर धावलं कुणीच नाही.

ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढच्या आवृत्तीच्या कामात ‘रन’नं तिला मागे टाकलं. नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ! संपादक पीटर गिलिव्हर त्या एका शब्दावर नऊ महिने बसले होते. मला त्यांचा हेवा वाटतो, खरंच.

एवढे अर्थ आले कुठून? या शब्दात धावण्याइतकंच वाहणंही जुनं आहे. त्याचा जर्मन भाऊबंद ‘रिनेन’ आजही वाहणं, झिरपणंच सांगतो. नाक, नळ, नदी, कच्चा रंग हे सगळे त्या वाहण्याचे वारस. मग यंत्रं आली, आगगाड्या आल्या, शेवटी संगणकाचे प्रोग्रॅम आले, आणि तीही सगळी ‘रन’ होऊ लागली.

मराठीत ही यंत्रं धावत नाहीत, चालतात. घड्याळ चालतं, दुकान चालतं, नाटक चालतं, पंखा चालू असतो. शिवाय ‘चालेल’ म्हणून आपण होकारही देतो. तो होकार इंग्रजीत नेताना माझी जी तारांबळ उडते, तीच ‘रन’ मराठीत आणताना उडते. म्हणून ‘इंग्रजी शब्दसंपन्न, मराठी तोकडी’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. त्या माणसानं ‘चालणे’ कधी नीट उलगडून पाहिलेलं नसतं.

निवडणुकीची गंमत तर मला फार आवडते. अमेरिकेतला उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमधला ‘स्टँड’ करतो. मराठीतलाही उभाच राहतो.

आज पुढचं पान घेतलं. कथेतली आजी गोधडी शिवायला बसते आणि तिथे सहावा ‘रन’ आला, ‘रनिंग स्टिच’. या वेळी शोधावं लागलं नाही. हात आपोआप लिहून गेला: धावदोरा.