सतरा वर्षांची साडेबारा

कर्नाटकातील निपाणी तालुक्यातील एक शेतकरी भावाच्या मुदतपूर्व सुटकेचा अर्ज बेळगावात द्यायचा म्हणून माझ्याकडे आला. खून कागलकडे झालेला, जन्मठेप कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दिलेली. शिक्षा ज्या राज्यात झाली त्याच राज्याने सुटकेचे ठरवायचे, म्हणजे निर्णय महाराष्ट्र सरकारचा. खटला मुंबईत चाललेल्या बिल्किस बानो प्रकरणात गुजरातने दोषींना दिलेली माफी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये रद्द केली, ती प्रामुख्याने याच मुद्द्यावर. सीमाभागात घर एका राज्यात आणि खटला दुसऱ्या राज्यात हे नेहमीचेच. तरीही लोकांना ही एवढी गोष्ट सांगायला वकीलच लागतो.

खरी अडचण हिशेबात होती. कच्ची कैद (निकालापूर्वीची), पक्की कैद (शिक्षेनंतरची) आणि चांगल्या वर्तणुकीबद्दल शिक्षेतून कमी होणारे माफीचे दिवस अशी बेरीज करून त्याने वहीत 17 वर्षे भरवली होती. कच्च्या कैदेचे दिवस त्याने बरोबर धरले होते. परंतु ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यातील जन्मठेपेच्या कैद्याला प्रत्यक्ष 14 वर्षे आत काढल्याखेरीज सोडता येत नाही आणि त्या 14 वर्षांत माफीचा एकही दिवस धरला जात नाही. 1978 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 433-अ हेच सांगत होते, तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 475 तेच सांगते. शिवाय वडिलांच्या आजारपणाची व बहिणीच्या लग्नाची पॅरोलही, म्हणजे तुरुंगातून मिळालेली तात्पुरती रजाही, त्याने बेरजेत घेतली होती. गोव्यातील कैद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये पॅरोलचा काळ वगळूनच प्रत्यक्ष कैद मोजायला सांगितले आहे. मी एकेक ओळ खोडत गेलो, तशी 17 ची साडेबारा झाली.

“मग माफी देतात तरी कशाला, वकीलसाहेब?”

गुन्ह्याच्या स्वरूपावरून सरकार एकूण मुदत ठरवते आणि त्या मुदतीत माफी धरतात, हे मी सांगितले. त्याला ते पटले नाही. 14 वर्षांची अट मला स्वतःला मान्य आहे, कारण मृताच्या पत्नीचा विचार या वहीत कुठेच नव्हता. मात्र हिस्ट्री तिकिटावर, म्हणजे कैद्याच्या तुरुंगातील नोंदपत्रावर, माफीचे दिवस चढवत जायचे आणि त्यांचा उपयोग कधी होणार हे कैद्याला कोणी समजावायचे नाही, ही पद्धत मला निव्वळ निष्काळजीपणाची वाटते.

आता आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले आहे. त्यासाठी भाऊ पॅरोलवर आला, तर 14 वर्षे तितकीच उशिरा भरतील. पॅरोलचा अर्ज लिहून ठेवला आहे. सही करायची की नाही हे तुरुंगातील पुढच्या मुलाखतीत भावालाच विचारा, असे मी त्याला सांगितले.