ओरखडे कुठून सुरू झाले?

डिसेंबर, ऊसतोडीचा भर. फलटण–बारामती रस्त्यावर टेम्पो आणि मोटरसायकलची धडक झाली होती. मी विम्याचा सर्व्हेअर. स्पॉट सर्व्हेला, म्हणजे अपघाताच्या जागेच्या पाहणीला, पोचलो तोवर पंचनामा अर्धा उरकला होता आणि गावाने निकालही देऊन टाकला होता : टेम्पो शंभरने आला, पोराला उडवलं. मोटरसायकलवरच्या पोराचं गळ्याजवळचं हाड मोडलेलं, त्याला दवाखान्यात नेलेलं. टेम्पोचा ड्रायव्हर टपरीमागे बसून होता, लोकांचा हात पडू नये म्हणून शेजारी एक शिपाई.

टेम्पो जागचा हलवला नव्हता, हे नशीब. मागच्या चाकांपासून उलटा टेप लावला. काळे पट्टे, अगदी सरळ, ११ मीटर. जुनी गाडी, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही; चाकं जाम होऊन घासत गेली की पट्टा असाच उमटतो. कोरड्या डांबरावर अशा गाडीला घर्षणांक, म्हणजे टायरची रस्त्यावरची पकड, ०.६ धरला तर वेग निघतो ताशी ४१ किलोमीटर. चाकं जाम होण्याआधी थोडा वेग गेलेलाच असतो, म्हणून पंचेचाळीस म्हणा. शंभरने आला असता तर पट्टे ६५ मीटर लांब गेले असते. एक आजोबा म्हणाले, “तुम्ही कंपनीची माणसं, असंच म्हणणार.” अनुभवावरून बोलत असतील, मी वाद घातला नाही.

मला वेगापेक्षा मोटरसायकल पडली कधी, हे हवं होतं. धडकेने पडली असती तर डांबरावरचे ओरखडे टेम्पोच्या तोंडापासून सुरू झाले असते. उकिडवा बसून माग काढत गेलो. फूटरेस्टचे पांढरट ओरखडे चांगले चौदा-पंधरा मीटर अलीकडून, वळणावर, पोराच्या स्वतःच्या बाजूला सुरू होत होते आणि तिरके मधली रेघ ओलांडून टेम्पोखाली जात होते. त्यांच्या मागेच ओल्या चिखलाचा थर, त्यावर ट्रॅक्टरच्या टायरची नक्षी, आणि त्या नक्षीवरून मोटरसायकलच्या चाकाची बाजूला सरकलेली रेघ. म्हणजे गाडी चिखलावर घसरली, आडवी झाली, तशीच समोर आली. ते बघून ड्रायव्हरने ब्रेक दाबला.

हवालदारांना दाखवलं. ते म्हणाले, “साहेब, हे लिहायचं कसं?”

“ओरखडे कुठून सुरू, कुठे संपले, मापं टाका. चिखल टाका. अर्थ कोर्ट लावेल.”

त्यांनी पुरवणी पंचनामा केला, त्याच दोन पंचांच्या सह्या घेतल्या. चिखल सांडून गेलेला ट्रॅक्टर कुणाचा, ते मात्र सापडलं नाही. सकाळपासून जवळच्या उसाच्या शेतातून किती ट्रॉल्या निघाल्या, हे तोडीच्या मुकादमालाही सांगता येईना.