नवरा सापडला, शेवट बदलला

घरगुती छळावरच्या आमच्या मराठी फिल्ममधल्या नवऱ्याच्या भूमिकेसाठी अखेर माणूस मिळाला! नवरा मिळत नाही, असं मागच्या नोंदीत लिहिल्यावर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एवढी मराठी वस्ती, गणपतीत एवढी नाटकं बसतात, मग एक पुरुष नट मिळू नये? नट मिळतात. हा नवरा मिळत नव्हता.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: न्यू जर्सीतलं भाड्याचं अपार्टमेंट, एच-१बीवरचा (नोकरीच्या व्हिसावरचा) नवरा, एच-४वर (त्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर) आलेली बायको, आणि तिचा पासपोर्ट त्याच्या ऑफिसच्या बॅगेत.

नायिका मागेच ठरली, तरी एक गोष्ट सांगायची राहिली होती. वर्क परमिट नसलेल्या एच-४वाल्या बाईला मानधन देता येत नाही. २०१५ पासून काही जणींना परमिट मिळतं, पण तेही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचं काम एका टप्प्यापर्यंत पोचलं असेल तर. म्हणजे जिची ही गोष्ट आहे, नेमकी तिलाच मी पैसे देऊ शकत नाही. आणि या विषयावर कुणा बाईकडून फुकट काम करून घ्यायचं नाही, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. आमची नायिका बऱ्याच वर्षांपूर्वी एच-४वर आली, आता ग्रीन कार्डवर आहे. पहिल्याच वाचनात तिने तांदळाच्या डब्यात लपवलेल्या नोटांचा प्रसंग काढायला लावला. ती म्हणाली, "घरात रोख पैसे असतातच कुठे? कार्ड त्याच्या नावाचं. मी दुकानात स्वाइप केलं की त्याचा फोन वाजतो." त्या एका वाक्यावर अख्खा सीन नव्याने लिहिला. पुढे तोच उपयोगी पडला.

आता नवरा. सेल्फ टेपसाठी (नटाने स्वतःच चित्रित करून पाठवायची चाचणी) मी नवरा थप्पड मारतो तो सीन साइड्स (चाचणीत म्हणायचा उतारा) म्हणून पाठवत होते. आलेल्या जवळजवळ प्रत्येक टेपमध्ये आरडाओरडा. एकाने हातात दारूचा ग्लास घेतला, एकाने पट्टा काढला. स्क्रिप्टमध्ये हा माणूस दारू पीत नाही. सकाळी बायकोसाठी चहासुद्धा करतो. आपल्या रंगमंचाची सवय अशी, की शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचला पाहिजे. इथे तर आवाज शेजारच्या खोलीतही जायला नको आहे.

जे खरंच चांगले होते ते मागे सरले. कुणाला ऑफिसातल्या लोकांची काळजी, कुणाच्या घरी पसंत नाही. त्यांना मी दोष देत नाही, गाव लहान आहे. पण दोघांनी अट घातली की नवऱ्याची बाजूही दाखवा: त्याची नोकरी गेली आहे, साठ दिवसांत नवी नाही मिळाली तर देश सोडावा लागेल, असा एक सीन घाला. तो मी घालणार नाही. साठ दिवसांची टांगती तलवार प्रत्येक एच-१बीवाल्याच्या डोक्यावर असते. सगळे काही बायकोचा पासपोर्ट लपवत नाहीत.

एका मोठ्या कास्टिंग साइटवर पैसे भरून जाहिरातही टाकली. तिथे भाषेच्या यादीत मराठी नव्हतीच. हिंदी निवडावी लागली आणि मराठीचा एकही शब्द न येणाऱ्यांचे अर्ज येत राहिले. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. मंडळांचे व्हॉट्सअ‍ॅप गट आणि एडिसनमधल्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतले फलक यांनी जास्त काम केलं. कास्टिंगच्या प्रत्येक पत्रकाखाली मी घरगुती हिंसाचारासाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर छापला होता, १-८००-७९९-७२३३, आणि 'मानवी'चं नावही. १९८५ पासून न्यू जर्सीत दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करणारी ही संस्था आहे, तरी आपल्यातल्या कितीतरी जणींना ती ठाऊक नसते. फलकावरचं पत्रक कोण वाचतंय ते आपल्याला कळत नाही, म्हणून नंबर हवाच.

वाट सापडली ती साइड्स बदलल्यावर. थपडेचा सीन बाजूला ठेवला आणि नायिकेच्या वाक्यावरून नव्याने लिहिलेला पावतीचा पाठवला. नवरा किराणा दुकानाची पावती हातात घेऊन एकेक ओळ वाचतो. कढीपत्ता. गोडा मसाला. "हे काय आहे?" एवढंच विचारतो. कुणी कुणाला हात लावत नाही.

आता जो ठरलाय तो मंचावरचा माणूसच नाही. आधीच्या फिल्मला आमच्या साउंडला मदत करायचा. मूळचा नागपूरचा, गणपतीत आरत्या म्हणणारा, कुणाच्याही घरी सामान हलवायला पहिला हजर. वाचनात तो पावती हळूहळू वाचत गेला, मग तिची नीट घडी घातली आणि पाकिटात ठेवली. स्क्रिप्टमध्ये घडी नव्हती. समोर बसलेल्या नायिकेचा श्वास बदललेला रेकॉर्डरवर ऐकू येतो. मग तो म्हणाला, "तू काय करून राहिली होती एवढा वेळ दुकानात?" अगदी मायेने. मी कॉलबॅक (चाचणीची दुसरी फेरी) न ठेवता तिथेच भूमिका त्याला दिली.

संवाद पुणेरी होते. ते आता वऱ्हाडी-नागपुरी वळणाने लिहिते आहे. त्या गोडव्यात धमकी जास्त लपते. टीममधल्या एकीने शंका काढली, "तो असा वाटत नाही गं." हेच वाक्य मदत मागायला गेलेल्या बाईला ऐकावं लागतं. प्रेक्षकालाही तसंच वाटायला हवं, म्हणून तर तो पाहिजे.

फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या सासूसाठी ग्रीन स्क्रीनचा (वेगळं चित्रण करून नंतर जोडायचा) बेत रद्द. पुण्यातल्या एक ज्येष्ठ अभिनेत्री खऱ्याखुऱ्या व्हिडिओ कॉलवर येणार आहेत. सीन रात्रीचा आहे, पण आपल्या इथल्या रात्री आठला तिकडे पहाटेचे साडेपाच असतात. म्हणून खिडक्यांना काळं कापड लावून सकाळी नऊला शूट करायचं, म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसहा.

आता मोठा बदल. ही नोंद लिहिताना पावतीची टेप पुन्हा लावली आणि वाटलं, थप्पड लागतेच कशाला? पण ती काढली तर शेवट मोडतो. आतापर्यंतचा शेवट ९११वर (पोलिसांना तातडीने बोलावण्याचा नंबर) होता: पोलीस येतात, गालावरचा वळ बघतात, त्याला नेतात. इजेची खूण दिसली तर न्यू जर्सीत पोलिसांना अटक करावीच लागते. वळ नसेल तर?

छळ सोसणाऱ्या बायकांसाठी काम करणाऱ्या एका ताईंना फोन लावला. त्यांनी आठवण करून दिली की बाईला संरक्षण आदेश (छळणाऱ्याला तिच्यापासून दूर ठेवणारा) देताना, तिला असं मुठीत ठेवलं जात होतं का याचाही कोर्टाने विचार करावा, असा कायदा न्यू जर्सीत जानेवारी २०२४ मध्ये झाला आहे. माणसांपासून तोडणं, पैशांची नाकेबंदी, पाळत, व्हिसाच्या नावाने धमकी, सगळं त्यात येतं. आदेश मागायला तिचा व्हिसा कुठला, हेही आड येत नाही. म्हणजे तिने कोर्टात उभं राहून पावत्यांबद्दल बोलायचं. शेवट तिथेच. थपडेसाठी फाइट डायरेक्टरला द्यायचे पैसे कोर्टाच्या लोकेशनला जातील.

त्यामुळे नवी भूमिका निघाली आहे: कोर्टाची दुभाषी. कोर्ट ती विनामूल्य देतं आणि तिला सांत्वन करायची परवानगी नसते. ऐकलं तेवढंच सांगायचं, चेहरा स्थिर ठेवून. मराठी आणि इंग्रजी दोन्ही सफाईदार हवं, वय चाळीसच्या पुढे, मानधन आहे, म्हणून कामाची परवानगी हवी. टेप आडवी, फोन हातभर लांब नको, सहा फुटांवर ठेवून कॅमेऱ्याच्या २एक्स झूमवर घ्या, नाहीतर नाक मोठं दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवलात की आवाजाची वाट लागते. साइड्स नव्या शेवटाचा खर्डा झाला की देते, बहुधा याच आठवड्यात.