जुन्या कार्टचे ब्रेक, चार रबरी रिंगा आणि एक केवायसी : माझा अनुभव

ज्यांना फक्त ब्रेक कसे खोलायचे एवढंच पाहिजे त्यांनी मधला पार्सलचा भाग सोडून द्या. पण खरं सांगू का, खोलणं-जोडणं सुट्टीच्या एका दिवसात होतं, बाकी सगळा वेळ परदेशातून मागवलेल्या ब्रेकच्या रबरी रिंगांच्या पार्सलनं खाल्ला आणि माझा राग अजून उतरलेला नाही, त्यामुळे तो भाग लांबणार म्हणजे लांबणार.

कार्ट म्हणजे ट्रॅकवर पळवायची छोटी रेसिंग गो-कार्ट. माझी जुनी आहे, इटालियन चॅसी (सांगाडा), १२५ सीसी रोटॅक्स इंजिन, कोल्हापुरातच एकानं सीझन संपल्यावर विकायला काढलेली. कार्टला डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं) नसतं, मागचा ॲक्सल म्हणजे एक सरळ पोकळ दांडा, त्यावर एक डिस्क आणि पिस्टननं पॅड दाबून ती डिस्क धरणारा एक कॅलिपर, आणि गिअरबॉक्सवाल्या सोडल्या तर पुढच्या चाकांना ब्रेक सहसा नसतोच. हँडब्रेकही नाही. म्हणजे तो एक कॅलिपर गेला की पुढं फक्त टायरची भिंत. म्हणून "चालतंय की, चालवू दे" हे मला ब्रेकच्या बाबतीत पटत नाही.

लक्षणं दोन होती. पहिल्या दाबाला पेडल पार खाली जायचं, पटकन दुसऱ्यांदा दाबलं की वर यायचं. आणि थोडे लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) झाले की ब्रेक धरून ठेवायचा, सरळात कार्ट जड लागायची, पिटमध्ये येऊन स्टँडवर घेऊन चाक हातानं फिरवलं तर फिरायला मागायचं नाही. ट्रॅकवर प्रत्येकाचं निदान वेगळं, पॅड बदल, डिस्क वाकलीय, ऑइल खराब झालंय. डिस्कला डायल (वाकडेपणा मोजायचं गेज) लावून बघितला, सरळ होती. मग ठरवलं, सगळंच खोलायचं.

खोलायचं सोपं आहे, उरकून टाकतो. पाइप सोडायच्या आधीच पिस्टन बाहेर काढून घ्या, हे महत्त्वाचं. पॅड काढायचे आणि पेडल हळूहळू दाबत राहायचं, पिस्टन आपोआप पुढं येतात. एक लवकर येतो, दुसरा हट्ट धरतो, तेव्हा आलेल्याला लाकडाची पट्टी लावून अडवायचं म्हणजे सगळं प्रेशर दुसऱ्यावर जातं. काही जण कंप्रेसरची हवा मारतात, तसं करू नका, पिस्टन सुटला की बोट सापडतं. बाहेर आल्यावर बघितलं तर सीलच्या (पिस्टनभोवतीच्या रबरी रिंगेच्या) खाचेत पांढरी भुकटी. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, ते पाणी ॲल्युमिनियमला खातं, आणि ती भुकटी सीलच्या मागं साठून सीलला पुढं ढकलते, मग पिस्टन आवळला जातो. ब्रेक धरायचं अर्धं कारण तिथंच सापडलं. खाच टूथपिकनं साफ करायची, स्क्रूड्रायव्हरनं नाही, आणि बोअरला (पिस्टन बसायच्या भोकाला) एमरी पेपर तर अजिबात नाही, वरचा ॲनोडायझिंगचा थर गेला की कॅलिपर भंगारात.

सीलचं काम नुसतं गळती थांबवायचं नसतं. पिस्टन पुढं गेला की सील जरा पिळलं जातं आणि पेडल सोडल्यावर परत सरळ होताना पिस्टनला केसभर मागं ओढतं. माझी सीलं इतकी कडक झाली होती की वाकवल्यावर चिरा दिसत होत्या. बदलायला पाहिजेत हे उघड होतं. आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

कोल्हापूरकराला पार्ट मिळत नाही हे ऐकायची सवय नाही. शिवाजी उद्यमनगरात ओतकामापासून ग्राइंडिंगपर्यंत काय होत नाही ते सांगा. सीलच्या दुकानात गेलो, काकांनी जुनं सील बोटावर फिरवून बघितलं आणि डब्यातनं रिंगा काढून दिल्या. म्हटलं काका, ही नायट्राइल रबराची आहे ना, मला ईपीडीएम रबराची पाहिजे. तर म्हणाले, "काळं रबर काळंच असतंय, ऑइल सील म्हणजे ऑइल सील, घाला बिनधास्त." इथंच लोक फसतात. ब्रेक ऑइलला आपण ऑइल म्हणतो पण डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे ग्लायकॉलवालं असतं, ते पेट्रोलियमचं तेल नाहीच. त्याला ईपीडीएम रबर चालतं. नायट्राइल हे इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइलसाठी चांगलं, ब्रेक ऑइलमध्ये ते फुगतं आणि मऊ पडतं. उलट ईपीडीएमला पेट्रोल, रॉकेल, ग्रीस लागलं की ते फुगतं, म्हणून ब्रेकचे पार्ट पेट्रोलमध्ये धुवायची जी आपल्या मेकॅनिक लोकांची सवय आहे ती इथं मोडायची. आयसोप्रोपाइल अल्कोहोल किंवा नवीन ब्रेक ऑइलच वापरायचं, जोडताना सीलला लावायलासुद्धा तेच.

काकांशी वाद घातला नाही, रिंगा विकत घेतल्या, घरी व्हर्नियरनं (बारीक माप घ्यायच्या पट्टीनं) मापल्या आणि स्टीलच्या वाटीत डॉट ४ ओतून झाकून ठेवल्या. (वाटी आता गॅरेजची झाली, घरातनं रीतसर हाकलली.) काही दिवसांनी परत मापल्या तर फुगलेल्या, नखानं दाबल्यावर खड्डा पडत होता. नेऊन दाखवल्या तेव्हा काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मग तसलं आमच्याकडं नाही." एवढं सरळ कोण कबूल करतो, मला आवडलं. दुसरीकडं ईपीडीएम मिळालं पण ते पाण्याच्या पाइपलाइनचं, गोल सेक्शनचं, माझं सील चौकोनी सेक्शनचं. मोटरसायकलच्या कॅलिपरचे किट बघितले, व्यास जुळेना. माप घेताना खाचेचं घ्या बरं का, जुन्या सीलचं नाही, जुनं सील एक तर आकसलेलं असतं नाही तर फुगलेलं.

शेवटी युरोपातल्या एका विक्रेत्याकडून किट मागवलं. दोन पिस्टनची सीलं, कॅलिपरच्या दोन भागांमधली एक बारकी रिंग आणि मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडलला जोडलेल्या पंपाचा, रबरी कप. पाकीट एवढंसं, मुठीत मावेल. मुंबईपर्यंत इतक्या झटकन आलं की मी खूश होऊन इंजिन लावायला घेतलं होतं.

आणि मग थांबलं. कुरिअरवाल्यांचा मेसेज आला की केवायसी करा. केलं. आधार अपलोड केलं, तर रिजेक्ट, कारण पार्सलवर नाव आणि आडनाव, आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. अरे महाराष्ट्रात सगळ्यांचंच असं असतं! मग पॅन दिलं, तर पॅनवर आडनावात इंग्रजी ए हे अक्षर एक जास्त, परत रिजेक्ट. फोन केला की आधी पाच मिनिटं संगीत, मग "सर, रिक्वेस्ट रेज केली आहे, २४ ते ४८ तासांत अपडेट येईल." अपडेट यायचा तो म्हणजे पहिलाच मेसेज परत, केवायसी करा. प्रत्येक वेळी फोनवर नवीन माणूस, त्याला परत पहिल्यापासून सगळं सांगायचं, आणि तो मात्र फार नम्रपणे काहीच करायचा नाही. शेवटी एका मुलीनं सांगितलं की साध्या कागदावर लिहून द्या की ही दोन्ही नावं माझीच, खाली सही करा आणि पीडीएफ करून टाका. फोटो चालत नाही, पीडीएफच. हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर?

नावाचं मिटलं तर मालाचं निघालं. विक्रेत्यानं बिलावर लिहिलं होतं कार्टचं ब्रेक किट. कुरिअरवाल्यांचा प्रश्न, कुठल्या गाडीचं? म्हटलं रेसिंग कार्ट. गाडीचा नंबर द्या. अहो नंबर नाही, ती रस्त्यावर चालत नाही, आरटीओशी तिचा संबंध नाही, फक्त ट्रॅकवर चालते. मग पलीकडून, "म्हणजे गो-कार्ट? लहान मुलांची?" इथं माझ्या पोटात गोळा आला. कारण खेळणं असा शिक्का बसला की संपलं, २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) आयएसआय मार्क सक्तीचा आहे, आणि माझ्या चार रबरी रिंगांना तो कुठनं आणू? मग बसून एक पानभर पत्र लिहिलं, हे खेळणं नाही, १२५ सीसीचं रेसिंग वाहन आहे, हे त्याच्या ब्रेकचं रबरी सील आहे, विकायला नाही, स्वतःला वापरायला आहे, सोबत कार्टचा फोटो, जुन्या सीलचा फोटो, व्हर्नियरमध्ये धरलेला. तो व्हर्नियरचा फोटो बघूनच त्यांना पटलं असं माझं मत आहे.

बिल आलं ते बघून हसावं की रडावं कळेना. ड्युटी नुसत्या मालावर लागत नाही, पाठवायचा खर्चसुद्धा किमतीत धरतात. आणि माझा पाठवायचा खर्च रिंगांपेक्षा जास्त! वर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), वर कुरिअरवाल्यांची स्वतःची क्लिअरन्स फी, त्या फीवर परत जीएसटी.

तेव्हा मागवायच्या आधीच विक्रेत्याला सांगून ठेवा. नाव आधारवर आहे तस्सं, मधल्या नावासकट. बिलावर नुसतं ब्रेक किट नको, रेसिंग कार्टच्या ब्रेकची रबरी सीलं असं स्पष्ट, प्रत्येक नगाची किंमत, आणि एचएस कोड (कस्टमसाठी मालाच्या वर्गवारीचा आकडा). रबरी सील-गॅस्केटचा ४०१६९३ असतो, गाडीच्या पार्टचा ८७०८ नं सुरू होतो, लावतील तो लावतील पण कागदावर काहीतरी असलं की फोनवरच्या माणसाला धीर येतो. आणि एका वेळी दोन-तीन किट मागवा, पाठवायचा खर्च तेवढाच पडतो.

जोडायला सगळी मजाच होती, एका दुपारीत झालं, सीलं बोटानं बसवली, पिस्टन हातानं दाबल्यावर गप आत गेला. मास्टर सिलिंडरमध्ये एक सुईच्या टोकाएवढं भोक असतं, पेडल सोडल्यावर तेल परत टाकीत जायचं, ते बुजलंय का बघा. माझं अर्धं बुजलेलं होतं. ब्रेक धरायचं उरलेलं अर्धं कारण ते. आणि पेडलला जरा रिकामी चाल ठेवायचीच. लोकांना पेडल कडक लागतं म्हणून पेडलपासून मास्टर सिलिंडरला जाणारा रॉड पार घट्ट करतात, मग आतला पिस्टन पूर्ण मागं येत नाही, ते भोक उघडत नाही, तेल तापून फुगलं की त्याला जायला जागा नाही आणि ब्रेक स्वतःच लागतो. ट्रॅकवर गरम झाल्यावरच का धरतो याचं उत्तर हे.

एअर काढताना पेडल मारत बसण्यापेक्षा खालून वर चढवा. मोठी सिरिंज, पारदर्शक नळी, कॅलिपरच्या निपलला (हवा काढायच्या तोटीला) लावून तेल सावकाश वर ढकलायचं, बुडबुड्यांना तसंही वरच जायचं असतं. निपल सगळ्यात उंच नसेल तर कॅलिपर सोडून तिरका धरा, पण मध्ये पॅडच्या जागी लाकूड घाला नाही तर पिस्टन बाहेर. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं कॅलिपरला टकटक करत राहा. रात्री पेडल दाबून पट्ट्यानं बांधून ठेवलं, सकाळी सोडलं तर आणखी वर आलेलं.

तेल डॉट ४ च घातलं, दुचाकीच्या दुकानात मिळणारी छोटी सीलबंद बाटली. उघडून ठेवलेली अर्धी बाटली वापरू नका. कोरडं डॉट ४ किमान २३० डिग्रीला उकळतं, पाणी प्यायलेलं १५५ ला उकळलं तरी नियमात बसतं, यावरून समजा. ५.१ चालेल, पण नुसता ५ नको, तो सिलिकॉनचा, दोन्ही एकमेकांत मिसळायचे नाहीत. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

पेडल ते मास्टर सिलिंडर या जोडाला दुसरी सेफ्टी वायर पाहिजे, एफआयएच्या (जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या) कार्टिंग नियमात केबल किमान १.८ मिमीची लागते, माझ्या कार्टवर ती नव्हतीच, सायकलच्या ब्रेकची वायर असेल तर मापून मगच लावा. डिस्क चॅसीच्या पाइपच्या बरोबरीला किंवा खाली येत असेल तर तिला खालून वाचवणारा नायलॉन किंवा डेल्रिनचा (कडक प्लास्टिकचा) पॅडही बघा, तो मात्र उद्यमनगरात लेथवाल्या मामांनी चहा होईपर्यंत करून दिला. आणि बॅन्जो बोल्टचे (ब्रेकचा पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) कॉपर वॉशर नवीनच घाला, दोन्ही बाजूला एकेक, जुना परत घातला की हमखास पाझरतो.