शतपावलीचं ध्येय: 100 पावलांपासून

'यंदा तब्येत सांभाळायची' हा संकल्प जानेवारीतच विरतो, कारण आज रात्री नऊ वाजता नेमकं काय करायचं हे त्यात कुठेच नसतं. '5 किलो वजन कमी करणं' हेही तसंच. वजनाचा काटा आपल्या हातात नाही, चपला घालणं आहे. म्हणून सुरुवात शतपावलीपासून करावी. खर्च शून्य, आणि घरात कुणाला त्याचं नवल वाटत नाही.

ध्येय दोन आकड्यांत लिहा. रोजचं: जेवणानंतर 10 मिनिटं. किमान: 100 पावलं. साधारण चालीने 100 पावलांना एखादं मिनिट लागतं. पाहुणे आलेत, डोकं दुखतंय, ऑफिसातून साडेदहाला आलात, तरी एवढं होतं. किमान आकडा ठेवायला लोकांना कमीपणा वाटतो आणि ते थेट 45 मिनिटं ठरवतात. तिथेच गाडी अडते.

'जेवणानंतर' हा शब्दही ढिला आहे. जेवण झालं की माणूस सोफ्यावर बसतो, आणि बसला की उठत नाही. त्यामुळे खूण नेमकी हवी: ताट सिंकमध्ये ठेवलं की चपला पायात. चपला आणि किल्ली दाराशीच असू द्या. टीव्ही चालून आल्यावर. पावसाळ्याची सोय आधीच ठरवा. इमारतीचा पॅसेज किंवा पार्किंग चालेल. भरल्या पोटी जिने मात्र नकोत.

चाल गप्पा मारता येतील इतकीच. भरपेट जेवून झपझप चाललं तर आंबट ढेकर येतात, आणि मग दोष शतपावलीला लागतो. सावकाश चाललं तरी पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे जेवणानंतर ती कमी चढते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर जास्तच उतरू शकते, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा.

मोबाइलवरच्या 10,000 पावलांचं दडपण घेऊ नका. तो आकडा 1960च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. त्यासाठी सलग 10 मिनिटंच हवीत ही जुनी अट 2020च्या शिफारशींत उरली नाही. सावकाश शतपावली त्या हिशेबात धरू नका. चाल वाढवायची ती सकाळी.

नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर. पूर्ण झालं तर फुली, किमान झालं तर टिंब. अॅप नको, ते उघडलं की व्हॉट्सअॅपही उघडतं.

'21 दिवसांत सवय लागते' यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात ती रुळायला साधारणपणे 66 दिवस लागले. माणसामाणसांतला फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी 20 मिनिटांची भरपाई नको, नेहमीचीच 10.

दोन आठवड्यांनी कॅलेंडर बघा. निम्म्याहून जास्त दिवस कोरे असतील तर स्वतःला बोल लावत बसू नका, खूण बदला. रात्रीचं जेवण रोज वेगळ्या वेळी होत असेल तर दुपारचा डबा धरा: डबा धुवून पिशवीत टाकला की ऑफिसच्या आवारात एक चक्कर.