फोर्क अडतोय कुठे

वागळे इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यात खऱ्या मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीच्या, गाड्या वर्षाला चार-पाचच येतात. रोजचं काम एक्सपल्स आणि हिमालयन या रस्त्यावरच्या गाड्यांच्या शॉकअपचं. म्हणून डिसेंबरातल्या त्या शनिवारी सकाळी छोट्या हत्तीतून निळी यामाहा वायझेड २५०एफ उतरली, तेव्हा शेजारचा लेथवालाही मशीन बंद करून बघायला आला. ही गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. ना नंबर प्लेट, ना हेडलाइट. जिथे जाईल तिथे टेम्पोनेच जायचं.

गाडी आणली होती कळव्याच्या एका मुलीने. वय पंचवीस-सव्वीस, ऐरोलीला नोकरी. दोन वर्षं पैसे साठवून तिने ही गाडी पुण्याहून जुनी घेतली होती. शर्यतीत उतरायचं नव्हतं तिला, रानवाटेने आरामात फिरायचं होतं. पण अर्धा तास चालवली की मनगटं सुजायची आणि बोटं बधिर व्हायची. दोन मेकॅनिक झाले होते. दोघांनीही फोर्कचे, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन शॉकअप पायांचे, कडक-मऊ करायचे स्क्रू (क्लिकर) फिरवून दिले आणि वर सांगितलं, ही गाडी मुलीच्या हाताला झेपत नाही, विकून टाका.

"काका, खरंच माझ्याच हातात दोष आहे का, तेवढं सांगा," ती म्हणाली. "असेल तर मी विकते."

खरं सांगतो, तिचं वजन ५६ किलो ऐकलं तेव्हा माझ्याही मनात आलं की स्प्रिंग हिला कडकच पडणार. मोटोक्रॉसच्या गाडीची स्प्रिंग आणि व्हॉल्व्हिंग, म्हणजे आतल्या तेलाची वाट अडवणारी रचना, उंचावरून खाली आपटण्यासाठी असतं. मुठीएवढ्या धोंड्यांवरून हळू जाताना तोच फोर्क लाकडासारखा वाटतो. पण कडक असणं आणि हात सुजणं यांत अंतर आहे, म्हणून मी तिला म्हटलं, "ताई, आज काही सांगत नाही. आधी मोजू द्या."

पहिलं काम वहीचं. क्लिकर हलवण्याआधी तो पूर्ण बंद होईपर्यंत किती क्लिक जातो ते मोजून लिहून ठेवायचं. उजव्या पायाचं कॉम्प्रेशन, म्हणजे दबतानाचा अडसर, बंदपासून दोन क्लिकवर (बंदच्या जितकं जवळ तितकं कडक) होतं, डाव्याचं अकरावर. कोणीतरी नुसतं फिरवत बसलं होतं. मग पुढचं चाक उचलून दोन्ही टोप्यांवरचे हवेचे स्क्रू सैल केले. फुस्स करून हवा सुटली. फोर्क खाली-वर होताना सीलमधून थोडी थोडी हवा आत जात राहते आणि साठली की तीच जास्तीची स्प्रिंग बनते. हे काम दर वेळी गाडी काढण्याआधी करायचं असतं, पण ते कुणी शिकवत नाही.

त्यानंतर टेप घेतली. हँडल दाबून हळूच सोडायचं, फोर्क जिथे थांबेल तिथलं माप घ्यायचं. मग हँडल वर उचलून तसंच हळूच सोडायचं आणि पुन्हा माप घ्यायचं. फोर्क मोकळा असेल तर दोन मापं जवळजवळ सारखी येतात. माझ्या अनुभवात ८-१० मिमीचा फरक चालतो. इथे फरक आला ३८ मिमी. म्हणजे फोर्क आतल्या आत कुठेतरी धरत होता. स्प्रिंग मऊ असो की कडक, जो पाय सरकतच नाही तो खड्डा गिळणार कसा? तो सरळ हातात देतो.

चाक काढताना माझ्या हाताखालच्या पोराला ॲक्सलवर, म्हणजे चाकाच्या दांड्यावर, लाकडी हातोडी मारावी लागली. मी ते ऐकलं आणि पुढे गेलो. ही चूक मला संध्याकाळी कळली.

दोन्ही पाय खोलले. तेल काळं आणि नेहमीच्या पातळ ५डब्ल्यू तेलापेक्षा बरंच दाट. कोणीतरी हाताला लागेल ते ओतलं होतं. स्प्रिंगा बाहेर काढल्या तर दोन्हींच्या तारेच्या जाडीत फरक दिसला. आमच्याकडे स्प्रिंग तपासायचं यंत्र नाही, पण पिलर ड्रिल आहे आणि वजनकाटा आहे. स्प्रिंगमध्ये गज घालून ती काट्यावर उभी केली, वरून ड्रिलने ५० मिमी दाबली. एक बोलली २५ किलो, दुसरी २२.

पोरगा आनंदाने ओरडला, "सापडलं!" मुलगीही उठून आली. मला मात्र दोघांना थांबवावं लागलं. दोन पायांत वेगवेगळ्या स्प्रिंगा असल्या तरी फोर्क वाकडा चालत नाही. खाली ॲक्सल आणि वर टी (पाय हँडलशी जोडणारी पकड), दोन्ही पाय एकमेकांना घट्ट बांधलेले असतात, त्यामुळे दोघांची ताकद एकत्र होते. २५ आणि २२ मिळून ४७, म्हणजे दोन्हीकडे साडेतेवीसच्या स्प्रिंगा घातल्यासारखं. जाणकार लोक मधलं माप साधायला मुद्दाम अशी जोडी घालतात. तिच्या वजनाला ही जोडी कडक होती हे खरं, पण ३८ मिमीचा फरक त्यातून येत नाही.

इथेच तिने विचारलं, आधीचा मेकॅनिक स्प्रिंगची दोन वेटोळी कापतो म्हणाला होता, ते करायचं का? मी जवळजवळ ओरडलोच. कापलेली स्प्रिंग मऊ होत नाही, कडक होते. तीच तार, पण वाकायला वेटोळी कमी. गॅरेजवाल्यांच्या या एका गैरसमजाने किती फोर्क बिघडलेत ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

नवीन सील टाकले, नळ्या ज्यांवर सरकतात ते बुश बघितले, त्यांचा टेफ्लॉनचा थर शाबूत होता. नळीवर एक बारीक ओरखडा होता, तो तेल लावलेल्या पॉलिश पेपरने घासून काढला. ताजं ५डब्ल्यू तेल मोजून भरलं. सगळं जोडून पाच वाजता पुन्हा टेप लावली.

३० मिमी.

दिवसभराचं काम, आणि फोर्क अजूनही अडत होता. मुलगी काही बोलली नाही, फक्त आपल्या मनगटाकडे बघत होती. ते बघून मला फार वाईट वाटलं. चहा मागवला आणि स्टुलावर बसून सकाळपासूनचा क्रम पहिल्यापासून मनात फिरवला. तेव्हा हातोडी आठवली.

ॲक्सल बोटाने सरकला पाहिजे. त्याला हातोडी कशाला लागावी?

चाक पुन्हा काढलं. नुसता ॲक्सल घेऊन एका पायाच्या भोकात घातला, अलगद गेला. दुसऱ्या पायात अर्ध्यावर अडकला. टॉर्चने पाहिलं तर भोकात गंज, कडेला ॲल्युमिनियमची कोर उठलेली आणि ॲक्सलवर हातोडीचे जुने घाव. रचना अशी असते की ॲक्सल एका पायात पक्का बसतो आणि दुसरा पाय त्याच्यावर सरकून आपली जागा स्वतः शोधतो. ती जागा सापडल्यावरच त्याचा पिंच बोल्ट, म्हणजे ॲक्सल चिमटीत धरणारा बोल्ट, आवळायचा. इथे तो पाय सरकूच शकत नव्हता, कोणीतरी ठोकून बसवला होता. म्हणजे दोन्ही पाय खाली एकमेकांकडे ओढले गेलेले. वर समांतर, खाली वाकलेले. दर धोंड्याला नळी बुशवर घासत होती. त्यात खालच्या टीचे बोल्टही कोणी अंगातला जोर लावून आवळलेले होते, त्यामुळे बाहेरची नळी तिथे चेपत होती.

बारीक कानशीने कोर उतरवली, गंज घासला, ग्रीसचा पातळ हात फिरवला. ॲक्सल आता बोटाने गेला. नट आवळला, पिंच बोल्ट सैलच ठेवले, पुढचा ब्रेक दाबून हँडल आठ-दहा वेळा खाली-वर केलं. सैल पाय ॲक्सलवर जेमतेम दोन मिमी सरकला आणि थांबला. ते दोन मिमी मी तिला बोट ठेवून दाखवले. मग टॉर्क पान्याने पिंच बोल्ट २० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळले, टीचेही मापात आणले.

टेप लावली. ९ मिमी.

रविवारी सकाळी गाडी टेम्पोत टाकून मुरबाडच्या अलीकडे माझ्या मामेभावाच्या शेतावर नेली. ठाण्यातले लोक येऊरचं नाव काढतात, पण ते राष्ट्रीय उद्यानाचं रान आहे, तिथे अशी गाडी न्यायची नाही. शेतावर भातकापणी झालेली, कडक झालेले बांध, मुरुमाची पायवाट आणि आटलेल्या ओढ्यात गोल धोंडे. हवं ते सगळं होतं. दोन्ही पायांचं कॉम्प्रेशन बंदपासून सोळा क्लिकवर आणलं, फोर्क किती दबला ते कळावं म्हणून नळीला केबल टाय बांधला आणि तिला सोडलं.

पहिल्या फेरीत ३०० मिमीच्या प्रवासातले २१० च वापरले गेले. टोपी काढून प्रत्येक पायातून बाहेरच्या कप्प्यातलं २० सीसी तेल सिरिंजने काढलं. तेल कमी झालं की हवेला जागा वाढते आणि शेवटचा टप्पा मऊ होतो. दुसऱ्या फेरीत २५५. तिसरी फेरी तिने ओढ्यातून वर, बांध ओलांडून, पूर्ण पंचेचाळीस मिनिटं मारली. मामेभावाने भाकरी आणि सुकटीची चटणी आणून ठेवली होती, ती आमच्यासमोर तशीच राहिली.

ती आली, हेल्मेट काढलं, हातमोजे काढले. मूठ मिटली, उघडली, परत मिटली. माझ्यासमोर दोन्ही पंजे धरले.

"सूज नाहीये, काका."

"नाहीये," मी म्हटलं. "पण २२ वाली अजून एक स्प्रिंग मागवू. हलकी जोडी तुम्हाला जास्त मानवेल. यायला वेळ लागेल."

"लागू दे." मग ती गाडीशी उकिडवी बसली. "आधी मला ते ॲक्सलचं शिकवा. चाक मी काढते, तुम्ही नुसतं बघा."

मी पाना तिच्या हातात दिला. तिने बोल्ट सोडले, ॲक्सल बोटाने बाहेर ढकलला, पुसला, ग्रीस लावून परत घातला. नट आवळल्यावर माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग ब्रेक दाबून ती हँडलवर वाकली आणि मोजायला लागली, एक, दोन, तीन.