दुखतं एकीकडे

‘गोष्टी तुम्हाला सुचतात कुठून?’ हा प्रश्न मला वर्षानुवर्षं विचारला जातो. दिवाळी अंक हातात पडले की जरा जास्तच. एरवी मी ‘आजूबाजूला बघून’ असं म्हणते. ते खरंही आहे, पण त्यातून विचारणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून आज एकाच जागेचं नीट सांगते.

गेल्या पावसाळ्यात पित्ताशयातल्या खड्यांनी उचल खाल्ली आणि मी पुण्यातल्या एका रुग्णालयात सहा दिवस होते. सूज होती म्हणून आधी तीन दिवस अँटिबायोटिक, मग दुर्बिणीतून ऑपरेशन, मग घरी. तिथून तीन गोष्टी सोबत आणल्या. दोन लिहून झाल्या, एक अजून अडली आहे.

दाखल होताना सिस्टरना एकच विनंती केली, सुई डाव्या हाताला लावा. उजवा हात मोकळा राहिला. तरी वही फारशी उघडली नाही. पडल्यापडल्या लिहिता येत नाही. मग फोनवर हळू आवाजात दोन-दोन वाक्यं बोलून ठेवायची. ऑपरेशनच्या रात्री गुंगीत मी बरंच काही बोलून ठेवलं होतं आणि तेव्हा ते फार मोलाचं वाटलं होतं. नंतर ऐकलं तर त्यात काहीच नव्हतं. भुलीत किंवा वेदनेत गोष्ट सुचते यावर माझा विश्वास नाही. दुखत असताना माणूस फक्त दुखण्यापुरता उरतो. सुचतं ते दुखणं जरा ओसरलं, की शेजारच्या कॉटवरचं बोलणं ऐकू यायला लागतं तेव्हा.

माझ्या शेजारी हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या एक काकू होत्या. गाव सांगत नाही, त्यांनी सांगू नको म्हटलं आहे. सिस्टर दर पाळीला विचारायच्या, ‘काकू, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?’ मुलगा स्टुलावर बसलेला असला की काकू म्हणायच्या, ‘चार.’ तो खाली चहाला गेला, की त्याच काकू सिस्टरना बोलावून हळूच सांगायच्या, ‘आठ हाय बाई, काय तरी द्या.’ दोन दिवस मी हे ऐकलं. तिसऱ्या रात्री दोघींनाही झोप नव्हती, तेव्हा विचारलं. या ऑपरेशनसाठी मुलाने दावणीचं एक जनावर विकलं होतं. ‘त्याला आठ सांगितलं तर त्याला वाटंल, इकून बी उपेग न्हाय झाला.’

मी लिहिते हे त्यांना तेव्हाच सांगितलं आणि विचारलं, हे घेऊ का? त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘घे. गाव नको आन् जनावर कंचं ते बी नको.’ मी ते पाळलं. गोष्टीत शिवणयंत्र आलं, मुलाच्या जागी धाकटी जाऊ आली, घर शहरातलं झालं. काकूंचं आयुष्य माझ्याकडे आलेलं नाही, ते यायलाही नको. मी घेतलं ते एवढंच की एकच बाई एकाला चार सांगते आणि दुसऱ्याला आठ. हे एकदा हातात आलं, की आठ कोणाला सांगायचे, चार कोणाला, आणि खोलीत दोघंही असले तर काय सांगायचं, हे आपोआप विचारावं लागतं. गोष्ट त्या विचारण्यातून पुढे सरकते.

दुसरी माझ्या स्वतःच्या खांद्यातून आली. ऑपरेशन पोटाचं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उजवा खांदा ठणकायला लागला. मी घाबरले. डॉक्टरांनी कॉटच्या कडेला उभं राहून समजावलं. दुर्बीण घालताना आत जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. तो नंतर काढतात, पण थोडा राहतो आणि श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला, टोचतो. त्या पडद्याची नस मानेतून निघते. खांद्याच्या नसाही मानेच्या त्याच भागातून निघतात. मेंदूला नीट कळत नाही की तक्रार कुठून आली, तो खांद्याचं नाव घेतो. एक-दोन दिवसांत थांबेल, चालत राहा, म्हणाले. तसंच झालं.

सलाइनचा स्टँड ढकलत कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारताना माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. माझ्याकडे चार वर्षं एक अर्धी गोष्ट पडून होती. त्यात एक माणूस वडील गेल्यावर रडत नाही आणि महिन्याने सोसायटीतलं झाड तोडलं म्हणून जिन्यात बसून रडतो. ते मला खोटं वाटायचं, म्हणून मी सारखी त्याची कारणं लिहीत बसायचे. त्या दिवशी कळलं की कारणंच काढून टाकायची. घरी आल्यावर पहिलं काम तेच केलं, अडीच पानं कापली.

तिसरी अडली आहे ती अशी. एका संध्याकाळी जोराचा पाऊस होता. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, भिडे पूल बंद, भेटायला येणारे सगळे कुठून कुठून वळसे घालून भिजत येत होते. वीज गेली. काही क्षणांत जनरेटर सुरू झाला, पण तेवढ्या अंधारात सगळा मजला गप्प झाला. समोरच्या खोलीतल्या बाईंचे यजमान, निवृत्त शिक्षक, बाकावर होते. ते म्हणाले, ‘गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन इथेच आपल्या ससूनमध्ये झालं, माहीत आहे ना? 12 जानेवारी 1924. येरवड्याच्या तुरुंगातून आणलं होतं. कर्नल मॅडॉक ऑपरेशन करत होते आणि मध्येच वादळात वीज गेली. नर्सच्या हातातली बॅटरीही विझली. शेवट कंदिलाच्या उजेडात केला.’

हकिगत मी वाचलेली होती, अंधारात ऐकली नव्हती. आणि पहिल्यांदाच मी टेबलावरच्या माणसाकडे किंवा सर्जनकडे न बघता कंदिलाकडे बघितलं. तो कोणीतरी धरला असणार. हात अवघडला असणार, काच तापली असणार, आणि बाजूला ठेवता येत नव्हता.

घरी पंधरा दिवस जड काही उचलायचं नव्हतं. सकाळी फुंकून नव्हे, आत ओढून चेंडू वर न्यायचं ते श्वासाचं यंत्र हातात घ्यायचे, तीनपैकी दोन चेंडू वर जायचे, आणि मग फोनमधले तुकडे ऐकायचे. त्यातला कंदिलाचा तुकडा रोज ऐकला. पाच वेळा सुरुवात करून पाचही फाडल्या, कारण प्रत्येक वेळी गांधीजी मोठे व्हायचे आणि हात दिसेनासा व्हायचा. आता त्यांचं नावच काढलं आहे. सध्या वहीत पहिलं वाक्य आहे ते असं: ‘साहेब इंग्रजीत काहीतरी म्हणाले, त्यातलं एवढंच समजलं की हलायचं नाही.’